आपल्या गावातली अपघाताची जागा कशी शोधायची आणि दुरुस्त कशी करून घ्यायची

आमच्या कॉलनीतून मेन रोडला लागतो तिथं एक वळण आहे. तिथं इतक्या गाड्या आपटल्यात की कोपऱ्यावरचे टपरीवाले दादा नुसत्या आवाजावरून सांगतात, गाडी घसरली का धडकली. प्रत्येक वेळी ग्रुपवर फोटो यायचा, मग "प्रशासन झोपलंय का", मग दोन दिवस चर्चा, मग शांत, ते पुढची गाडी पडेपर्यंत. मी पण तेच करायचे. शेजारच्या काकू भाजी घेऊन रस्ता ओलांडत होत्या, त्यांना बाईकनं उडवलं, पायात रॉड बसवावा लागला, आणि त्या सहा महिने गॅलरीत बसून राहिल्या. तेव्हा मी दोनशे पानी वही आणली आणि लिहायला लागले. आज जे सांगतेय ते त्या वहीतून शिकलेलं आहे. मी साताऱ्याची आहे म्हणून उदाहरणं इथली येतील, पण कराड, सांगली, लातूर, बार्शी, कुठंही हेच करता येतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "शहरात अपघात खूप वाढलेत" असं म्हणत कुठल्याही ऑफिसात गेलात तर साहेब मान हलवतात, चहा पाजतात, आणि काही होत नाही. तेच "या वळणावर, या तीन वर्षांत, या तारखांना, संध्याकाळी सहा ते नऊच्या मधे एवढे अपघात झाले आणि त्यातले एवढे पायी चालणारे होते" असा एक कागद पुढं ठेवला की त्यांना उत्तर द्यावंच लागतं. त्यामुळं आपलं काम म्हणजे तो एक कागद तयार करायचा. एकाच जागेचा, अख्ख्या शहराचा नाही.

आता माहिती कुठून आणायची. पहिली अडचण हद्दीची. साताऱ्यात शहर पोलीस स्टेशन वेगळं, शाहूपुरी वेगळं, तालुका वेगळं, आणि हायवेनं दक्षिणेला गेलात की बोरगाव. रस्त्याची एक बाजू एका ठाण्यात आणि दुसरी बाजू दुसऱ्या ठाण्यात असंही होतं, मग एकाच जागेचे अपघात दोन रजिस्टरला वाटले जातात आणि दोन्हीकडं ती जागा किरकोळ वाटते. म्हणून आधी आपल्या जागेला कुठली कुठली ठाणी लागतात ते विचारून घ्या, ठाणे अंमलदार सांगतात, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. आणि नगरपालिकेच्या हद्दीवर तर अजिबात विसंबू नका, साताऱ्याची हद्दवाढ २०२० मध्ये झाली, शाहूपुरी-विलासपूरसारखा भाग आत आला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे "शहरातले अपघात" शेजारी शेजारी ठेवून कुणी सांगायला लागलं की अपघात वाढले, तर आधी विचारा की शहर तेवढंच होतं का.

घरबसल्या जे मिळतं ते आधी घ्या. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर बघता येतात, जिल्हा निवडायचा, पोलीस स्टेशन निवडायचं, तारखा टाकायच्या. सगळे गुन्हे एकत्र येतात, त्यातून अपघाताचे वेचायला कलमं माहीत पाहिजेत. १ जुलै २०२४ च्या आधीचे असतील तर भादंवि म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाची २७९, ३३७, ३३८ आणि मृत्यू असेल तर ३०४ अ. त्यानंतरचे असतील तर भारतीय न्याय संहितेचं २८१, १२५ आणि मृत्यूला १०६(१). एफआयआर उघडली की बाकी वर्णन नंतर वाचा, आधी तीन गोष्टी वहीत घ्या: घटनेची तारीख-वेळ (दाखल झाल्याची नाही, घडल्याची, या दोन्हीत कधी कधी दोन-तीन दिवसांचा फरक असतो), घटनेचं ठिकाण, आणि ठाण्यापासूनची दिशा व अंतर. ठिकाणाच्या रकान्यात बऱ्याचदा "अमुक हॉटेलसमोर" एवढंच असतं, ते हॉटेल बंद होऊन तिथं मोबाईलचं दुकान आलेलं असतं, अशा वेळी दिशा-अंतर कामाला येतं. नावं वहीत घेऊ नका. आपल्याला माणूस नकोय, जागा हवीय, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांचं नाव कुणा परक्याच्या वहीत असायचं काहीच कारण नाही.

मग माहिती अधिकार. जोडपत्र अ चा अर्ज, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ नको. मी लिहिलेला मजकूर असा होता: "दि. १ जानेवारी २०२१ ते ३१ डिसेंबर २०२३ या कालावधीत आपल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत अमुक चौक ते अमुक पूल या दरम्यान झालेल्या रस्ता अपघातांची दिनांक, वेळ, ठिकाण, वाहनांचा प्रकार, मृतांची संख्या, गंभीर जखमी संख्या, किरकोळ जखमी संख्या अशी यादी मिळावी. व्यक्तींची नावे नकोत." ते शेवटचं वाक्य मुद्दाम घाला, नाहीतर वैयक्तिक माहिती आहे म्हणून अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं आलं तर प्रथम अपील करा, त्याला २० रुपयांचं स्टॅम्प लागतं. दुसऱ्या उत्तराला घाबरायचं नाही, कारण आता पोलीस अपघाताची नोंद जागेवरून मोबाईलवर करतात. आयरॅड नावाची केंद्राची सिस्टिम आहे, आयआयटी मद्रासनं तयार केलेली, एनआयसी म्हणजे केंद्राचं संगणक खातं ती चालवतं, आणि त्यात जागेचं लोकेशन सुद्धा जातं. म्हणजे माहिती संकलित आहेच.

हे सगळं करूनही अर्धंच चित्र हातात येतं, कारण आपल्याकडं बहुतेक अपघात जागेवर मिटवले जातात. घासलं, आरशाचे पैसे दिले, विषय संपला. हाड मोडलं तरी पोलिसांची कटकट नको म्हणून लोक तसेच दवाखान्यात जातात. म्हणून वहीचा दुसरा भाग माणसांना विचारून भरायचा: टपरीवाले, पंक्चरवाले, वडापचे (शेअर जीपचे) ड्रायव्हर, कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी. "इथं अपघात होतात का हो" असं विचारलं तर "लय होतात" एवढंच ऐकायला मिळतं. "शेवटचा कधी झाला, कोण कुठून येत होतं, कुठं पडला" असं विचारा. टपरीवाल्या दादांनी मला रस्त्यावर उभं राहून दाखवलं, बाईकवाले इथं पडतात, आणि रस्ता ओलांडणारे इथं. दोन जागांत दहा-बारा पावलांचं अंतर. त्या दहा-बारा पावलांत अख्खं कारण होतं, त्याबद्दल पुढं सांगते.

आकडे वाचताना काय चुकतं ते आता बघू, कारण इथं शिकलेली माणसंही घसरतात. छोट्या शहरात एका चौकात एका वर्षी दोन माणसं गेली आणि पुढच्या वर्षी चार, की बातमी होते "मृत्यू दुप्पट". तिसऱ्या वर्षी एक गेला की "उपाययोजनांना यश". प्रत्यक्षात रस्ता तोच, वेग तोच, फरक फक्त नशिबाचा. म्हणून एकेक वर्ष बघायचं नाही, तीन वर्षांचा गठ्ठा बघायचा. केंद्र सरकारची ब्लॅक स्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, व्याख्या सुद्धा तशीच आहे: राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा तीन वर्षांत मिळून १० मृत्यू. आपली जागा शहरातल्या रस्त्यावर असली तरी हीच फूटपट्टी लावून अर्ज लिहा, कारण समोरच्या इंजिनिअरला ती भाषा कळते.

दुसरं, अपघातांची संख्या आणि मृत्यूंची संख्या वेगवेगळी मांडा. आपल्या राज्याचंच बघा. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ३२,९२५ अपघात आणि १२,७८८ मृत्यू. २०२२ मध्ये ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू. अपघात साडेचारशेच्या आसपास वाढले आणि मृत्यू चोवीसशेच्या वर. कुणी फक्त अपघातांचा तक्ता दाखवला तर वाटेल सगळं जवळपास आहे तिथंच आहे. आणि मधलं २०२० बघा, लॉकडाऊनचं वर्ष, अपघात २४,९७१ पर्यंत खाली आले पण मृत्यू ११,५६९. म्हणजे २०१९ मध्ये शंभर अपघातांमागे ३९ च्या आसपास माणसं गेली होती, ती २०२० मध्ये ४६ च्या वर गेली. मला यातून एकच दिसतं, रस्ता मोकळा मिळाला की माणूस गाडी पळवतो, आणि पळवलेली गाडी धडकली की माणूस वाचत नाही. म्हणून २०२० ला पाया धरून कुणी "बघा किती वाढले" म्हणालं तरी फसू नका आणि स्वतःही तसं करू नका, २०१९ पासून मोजा नाहीतर २०२१ च्या पुढं मोजा.

तिसरं म्हणजे कोण मरतंय ते बघा. २०२२ ला देशभरात रस्त्यावर गेलेल्या १,६८,४९१ माणसांत शंभरातले ४४ च्या वर दुचाकीवरचे होते आणि १९ च्या वर पायी चालणारे, आणि हेल्मेट नसलेले ५०,०२९. आपल्या वहीत सुद्धा हाच रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठेवा. कारण मीटिंगमध्ये चर्चा नेहमी गाड्यांची होते, पार्किंगची, ट्रॅफिक जामची. जाममध्ये माणूस मरत नाही हो. रात्री साडेनऊला मोकळ्या रस्त्यावर मरतो.

आता जागेवर जाऊन उभं राहायचं. वहीतली सगळ्यात जास्त वेळा आलेली वेळ बघा आणि त्याच वेळी जा, सकाळी अकराला स्वच्छ उन्हात जाऊन काही कळत नाही. देशाच्या आकड्यांत संध्याकाळी सहा ते नऊ हा सगळ्यात वाईट वेळ आहे, माझ्या वहीतही तोच निघाला. एकटं जाऊ नका, फुटपाथवरच थांबा, उठून दिसतील असे कपडे घाला. पहिलं मोजायचं ते वेग, आणि त्याला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला दोन खुणा धरा, एक विजेचा खांब आणि टेपनं ५० मीटर मोजून दुसरी खडूची. गाडी पहिल्या खुणेला आली की मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू, दुसरीला बंद. १८० ला त्या सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर आला. साडेचार सेकंद म्हणजे ४०, तीन सेकंद म्हणजे ६०, सव्वादोन म्हणजे ८०. तीस-चाळीस गाड्या मोजा, दुचाकी वेगळ्या, चारचाकी वेगळ्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास वाढते, त्यामुळं "थोडंसंच जास्त पळवतात" असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

मग खाली बसा. खरंच खाली बसा, कार चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि येणाऱ्या गाडीच्या दिशेनं बघा की रस्ता ओलांडणारा माणूस केव्हा दिसतो. मी आमच्या वळणावर बसले तेव्हा कळलं की गुलमोहराच्या खाली आलेल्या फांद्यांनी विजेचा खांब पूर्ण झाकलाय, दिवा चालू आहे, पण उजेड पानांत अडकतो आणि बरोबर जिथं लोक ओलांडतात तिथं काळोख. बाईकवाला उजेडातून एकदम अंधारात शिरतो, समोर माणूस दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, ब्रेक दाबतो, आणि पुढं दहा-बारा पावलांवर खडीत घसरून पडतो. टपरीवाल्या दादांनी दाखवलेल्या दोन जागा त्या याच. दिवसा शंभर वेळा तिथून गेले असेन, कधीच दिसलं नव्हतं.

बाकी बघायचं ते: डिव्हायडरचं टोक रात्री दिसतं का, कुणी ढाब्यासाठी किंवा पंपासाठी डिव्हायडर फोडलाय का, वडाप आणि रिक्षा वळणाच्या तोंडाशीच थांबतात का, सर्व्हिस रोडला उलट्या बाजूनं किती जण येतात आणि ते का येतात. या "का" वर थांबा जरा. उलट येणाऱ्याला नुसता बेशिस्त म्हणून सोडू नका, त्याला सरळ जायला दोन किलोमीटरचा वळसा पडत असेल तर तो उलटच येणार, उद्या दंड करा नाहीतर परवा. तिथं मागणी क्रॉसिंगची करायला हवी.

आमच्या बाजूला अजून एक गोष्ट आहे, ऊस. हंगाम सुरू झाला की शेंद्र्याकडं कारखान्याला जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्यानं झाकलेला, आणि वेग ताशी वीस. मागून येणाऱ्या दुचाकीच्या लाईटमध्ये ट्रॉली दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते. यावर उपाय स्वस्त आहे, ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टरचं लाल कापड उसाच्या वरून बांधायचं, म्हणजे पाला खाली लोंबला तरी झाकलं जात नाही. यासाठी आरटीओकडं आणि कारखान्याच्या शेती खात्याकडं अर्ज हंगामाच्या आधी, सप्टेंबरमध्ये द्या. गाळप सुरू झाल्यावर तुमचं ऐकायला कुणाला वेळ नसतो.

कारण कळलं की रस्ता कुणाचा ते शोधा. हे चुकलं की कागद वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर. पुणे-बेंगळुरू हायवे आणि बहुतेक ठिकाणी त्याचा सर्व्हिस रोड राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, गावातून जाणारे राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, आतले रस्ते नगरपालिकेचे, आणि खांबावरच्या दिव्याचा मालक परत वेगळा असू शकतो. आमचं झाड नगरपालिकेचं, रस्ता बांधकाम विभागाचा. शंका असेल तर दोघांनाही द्या आणि प्रत्येक प्रतीवर दुसऱ्याचं नाव लिहा, म्हणजे "आमच्याकडं येत नाही" म्हणणाऱ्याला लेखी द्यावं लागतं. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही, शिक्का, तारीख, आवक नंबर.

मागायचं काय, तर एक-दोनच गोष्टी, आणि आधी स्वस्तातल्या. फांद्या छाटणे, पांढरा पट्टा, रोड स्टड (रस्त्यात बसवलेले चमकणारे ठोकळे), डिव्हायडरच्या टोकाला चमकणारा बोर्ड, रिक्षा स्टॉप वीस मीटर पुढं सरकवणे. लगेच स्पीड ब्रेकर मागू नका. लोकांचा सगळ्यात आवडता उपाय तोच, आणि चुकीचा बांधला तर नवा अपघात तोच. राष्ट्रीय महामार्गावर तर तो देतच नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापानं ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे गाडी हळूच चढते आणि उतरते, त्यावर पट्टे आणि ४० मीटर आधी बोर्ड. आपल्याकडं रातोरात डांबराचा ढीग टाकतात, बिनरंगाचा, त्यावर मागं बसलेल्या बाया उडून पडतात. मागायचाच असेल तर अर्जात माप लिहून मागा. आणि अर्जाच्या शेवटी मोटार वाहन कायद्याचं कलम १९८ए नमूद करा. रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार संस्थेला एक लाखापर्यंत दंड, असं ते २०१९ च्या दुरुस्तीत आलंय. धमकीच्या सुरात लिहायची गरज नाही, नुसता आकडा लिहिला तरी फाईल हलते.

एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या, अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, एसपी, आरटीओ, बांधकाम सगळे त्याच टेबलाला बसतात, त्यामुळं टोलवाटोलवी तिथं कमी होते. पुढच्या बैठकीत विषय घ्यावा अशी विनंती करा, आणि बैठक झाली की इतिवृत्त मागा.

हे सगळं चालू असताना तिथं परत अपघात होऊ शकतो आणि तुम्हीच जवळ असाल. १०८ ला फोन, हायवेवर असाल तर १०३३ सुद्धा. हेल्मेट ओढून काढू नका, पाणी पाजू नका, रक्त येत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा. पोलीस आपल्यालाच अडकवतील म्हणून मागं राहू नका, मोटार वाहन कायद्याच्याच कलम १३४ए नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्ती नाही. आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस आहेत, नातेवाईक घाबरलेले असतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला लागतं.

आमच्या वळणाच्या फांद्या तिसऱ्या अर्जानंतर छाटल्या गेल्या. खडी उचलून कडेला पांढरा पट्टा मारायला अजून पाच महिने लागले. ज्या दिवशी झाड छाटलं त्या तारखेला वहीत लाल पेननं रेघ मारली, रेघेच्या वरचे अपघात आणि खालचे अपघात आता वेगळे मोजतेय. तीन वर्षं व्हायला वेळ आहे, तोपर्यंत कुणाला "फरक पडला" असं सांगणार नाही. काकू काठी घेऊन चालतात आता, संध्याकाळी ओलांडताना मी बरोबर असते. पावसाळ्यात गुलमोहर परत फुटतो आणि दिवाळीपर्यंत फांद्या पुन्हा दिव्यावर येतात, म्हणून ऑक्टोबरचा छाटणीचा अर्ज लिहून ठेवलाय, फक्त तारीख टाकायची राहिलीय.